ओला कुत्रा आणि पिवळी खुर्ची

“दादा, रविवारी येतोय. माझा तो सीड्यांचा खोका काढून ठेव,” एवढं बोलून संघर्षने फोन ठेवला आणि चाकणच्या चौकात अडकलेल्या कंपनीच्या बसमध्ये सुजित ओव्हाळला दरदरून घाम फुटला. बसला एसी होता.

खोका घरी होता. माळ्यावर, संघर्षने ठेवला होता तिथेच. त्यात सीड्यांची प्लॅस्टिकची कव्हरंही होती, ओळीने लावलेली. फक्त त्या कव्हरांमध्ये सीड्या नव्हत्या. त्या दिवाळीपासून काळेवाडीच्या मैत्री पार्क सोसायटीतल्या गॅलऱ्यांमध्ये नायलॉनच्या दोरीला लटकत होत्या, कबुतरांनी घाबरावं म्हणून. आणि त्या तिथे लटकवणारा माणूस सुजित होता.

कबुतरांवर सोसायटीच्या दोन बैठका झाल्या होत्या. अध्यक्ष ज्योतीराम बापूंचं म्हणणं जाळ्या लावाव्यात, बाकीच्यांचं म्हणणं जाळीतून हवा येत नाही. सुजित चाकणच्या कारखान्यात क्वालिटीला होता. दुसऱ्याच्या कामातली खोट काढणं हाच त्याचा पगारी उद्योग असल्यामुळे बैठकीत तो सहसा बोलत नसे. त्या दिवशी मात्र उठून म्हणाला, “जुन्या सीड्या टांगा. चकाकी बघून कबूतर येत नाही. माझ्याकडे खोकाभर आहेत.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. सोसायटीत त्याच्यासाठी टाळ्या पहिल्यांदाच वाजत होत्या.

“त्या भावजींच्या आहेत. आधी विचारा त्यांना,” असं बायको दीपमाला घरी आल्यावर म्हणाली होती.

“आता सीड्या कोण ऐकतं?”

हे वाक्य सुजितला बसमध्ये शब्दन् शब्द आठवलं. कारण गेल्या तीन आठवड्यांपासून त्या सीड्यांतली गाणी तो स्वतः ऐकत होता.

झालं होतं ते असं. लेकीने, म्हणजे दीक्षाने, तिचं गाण्यांचं अ‍ॅप त्याच्या मोबाइलमध्ये घालून दिलं होतं. त्याची भीमगीतं संपली की अ‍ॅप आपल्या मनाने पुढचं काहीतरी लावत असे. एकदा मोशीच्या अलीकडे बस तासभर हलली नाही आणि कानात एक गोरा माणूस गायला लागला. आवाज जेमतेम. गिटार जरा बेसूर. आपल्याला कुणी ऐकत नाहीये याची खात्री असल्यासारखा गात होता. सुजितने बंद करायला मोबाइल काढला आणि बंद केलं नाही. अल्बमच्या चित्रात एक पिवळी खुर्ची होती, अंगणात एकटीच ठेवलेली.

“बाबा, तुम्ही इंडी रॉक ऐकताय?” दीक्षा किंचाळलीच होती. “हे माझ्या जन्माच्या आधीचं आहे!”

“इंडी म्हणजे इंडियन का?”

“नाही हो. मोठ्या कंपनीच्या मागे न जाता स्वतःच्या हिमतीवर काढलेली गाणी.”

“म्हणजे जॉबवर्क नाही. स्वतःचा माल,” सुजित म्हणाला. त्याला ते पटलं. त्यानंतर जाताना पिवळी खुर्ची आणि येताना तिच्या आगेमागे निघालेले इतर बँडचे अल्बम, असा त्याचा क्रम लागला. नावं त्याला लक्षात राहत नसत, चित्रं राहत. पिवळ्या खुर्चीवाल्यांनी शेवटचा एक अल्बम काढला होता, त्याच्या चित्रात पावसात भिजलेला कुत्रा होता. तो मात्र अ‍ॅपवर नव्हता. दीक्षाने शोध शोध शोधलं. “फक्त सीडीवर निघाला होता म्हणे. आता मिळत नाही कुठे.”

भिजलेला कुत्रा आपण कुठेतरी पाहिलाय, असं सुजितला तेव्हापासून वाटत होतं. संघर्षचा फोन आला आणि कुठे ते आठवलं. त्या कुत्र्याच्या सीडीच्या भोकातून त्याने स्वतःच्या हाताने दोरी ओवली होती.

शुक्रवारी त्याने रजा टाकली आणि सकाळीच पार्किंगमध्ये उभं राहून मान वर करून एकेक गॅलरी न्याहाळायला सुरुवात केली.

“वर काय बघायलात, सुजितराव?” ज्योतीराम बापू दुधाची पिशवी घेऊन येत होते. बीडहून येऊन पिंपरीत फिटर म्हणून निवृत्त झालेला माणूस. संशय घेण्यात अजून ड्यूटीवर होता. “तिसऱ्या मजल्यावर बाया कपडे वाळू घालायल्यात.”

“कबुतरं बघतोय, बापू.”

“कबुतरं आता कुटं हायत? तुमीच तर घालवली.”

सुजित अडकला. सीड्या भावाच्या होत्या, न विचारता दिल्या, हे सांगायचं तर टाळ्या परत कराव्या लागल्या असत्या. मग त्याच्या तोंडून त्याची रोजची भाषा बाहेर पडली. “बापू, मालात प्रॉब्लेम आहे. उन्हाने सीडीची चकाकी उतरते. चकाकी उतरली की कबूतर सरावतं. सगळा लॉट परत घ्यावा लागेल. बदलून नवीन देतो.”

“सगळा?”

“एकही सोडून चालत नाही. कंपनीतही असंच करतात.”

बापूंना कंपनीतलं काहीही पटत असे. त्यांनी लगेच ग्रुपवर सूचना टाकली आणि सुजित कुदळवाडीच्या भंगारवाल्याकडून बदली सीड्या आणायला गेला. त्या कुठल्यातरी बंद पडलेल्या क्लासच्या, टॅली शिकवणाऱ्या होत्या. तो येईपर्यंत लोकांनी आज्ञाधारकपणे आपापल्या सीड्या सोडून दारात ठेवल्या होत्या. मैत्री पार्क दिवाळीनंतर प्रथमच उघडं पडलं.

कबुतरांना हे कळायला दुपार पुरली. मे महिना होता. बापूंच्या मंडळींनी गॅलरीत जुन्या साडीवर कुरडया घातल्या होत्या. संध्याकाळी त्या साडीवर कुरडयांपेक्षा दुसरंच काहीतरी जास्त वाळत होतं.

“सुजितराव, तुमचा नवा लॉट कवा यायलाय?” बापूंचा आवाज जिन्यातून वरपर्यंत आला. “घरात मला जेवण न्हाई आज!”

सुजितने धावत धावत टॅली टांगली. लोक आता चोखंदळ झाले होते. ही चमकत नाही, ही मळकी आहे, आमची आधीची लाल होती, लालच द्या. प्रत्येकाशी हुज्जत घालत त्याने सीड्या गोळा केल्या. घरी भांड्याच्या साबणाने हलक्या हाताने धुतल्या, मऊ फडक्याने पुसल्या आणि एकेक कव्हरात घातली.

“माझ्या लग्नातल्या शालूला कधी एवढं जपलं नाहीत,” दीपमाला ओट्याशी उभी राहून म्हणाली. “सरळ सांगून टाका ना भावजींना. सख्खे भाऊ ना तुम्ही?”

“सांगणारच आहे. आधी सगळ्या मिळू देत.”

एकच मिळाली नव्हती. कव्हरातला ओला कुत्रा रिकाम्या जागेशेजारून त्याच्याकडे बघत होता.

तो तिसऱ्या मजल्यावर सोजरबाईंकडे होता. इमारत उभी होती ती जमीन एकेकाळी त्यांच्या घरची. त्यामुळे सोसायटीचा कुठलाही ठराव आपल्याला लागू होतो असं त्यांना वाटत नसे.

“न्हाई देणार,” सोजरबाई म्हणाल्या. “माझी लय गुणाची हाय.”

“आजी, चकाकी उतरलीय तिची.”

“चकाकीला काय करायचं? त्यावर कुत्रं हाय. कबूतर कुत्र्याला भितं. आज समद्यांच्या गॅलरीत घाण झाली, माझ्या झाली का? सांग की.”

झाली नव्हती. कारण त्यांनी सीडी काढलीच नव्हती. पण हे सांगायला सुजितने तोंड उघडलं तोवर समोरच्या दारातून दोघी-तिघी ऐकत होत्या, आणि रात्रीच्या जेवणाआधी सोसायटीभर झालं की कुत्र्याचीच सीडी लागू पडते. ग्रुपवर मागणी सुरू झाली. “आम्हालाही कुत्रा पाहिजे.” “कुत्रा फक्त ओळखीच्यांना का?”

शनिवारी दीक्षा टॅलीच्या सीड्यांवर पांढऱ्या रंगाने कुत्रे काढत बसली. पहिला मेंढीसारखा झाला, पुढचे जमले. त्यातला सर्वांत भयंकर घेऊन सुजित सोजरबाईंकडे गेला.

“आजी, हा मोठा आहे बघा. दात पण आहेत.”

त्यांनी तो हातात फिरवून बघितला. “ह्यानं काम केलं न्हाई तर माझं माला परत पायजे. बोल.”

“परत देईन.”

“आईची आण?”

सुजितने आईची आण घेतली आणि ओला कुत्रा घरी आणला. टीव्हीखालचा जुना डीव्हीडी प्लेअर दीक्षाने पुसून जोडून ठेवला होता. “लावू, बाबा? शेवटी मिळाला ना!”

“नको,” सुजित म्हणाला. “काका येऊ दे उद्या. त्याच्याबरोबर ऐकतो.”

हे बोलताना त्याला कासारवाडीच्या दोन खोल्या आठवल्या. तो रात्रपाळी करून यायचा आणि कॉलेजात जाणारा संघर्ष आवाज बारीक करून हेच काहीतरी ऐकत बसलेला असायचा. “दादा, हे एकच गाणं ऐक ना,” असं तो म्हणायचा. सुजित उशी कानावर दाबून ओरडायचा, “बंद कर ते रडगाणं!” मग संघर्ष बंद करायचा. एकदाही उलट बोलला नव्हता.

रविवारी संघर्ष आला. बेंगळुरूहून परतल्यावर हिंजवडीत लागला होता, नुकताच रावेतला नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेला होता. केस कानाजवळ पांढरे झालेले. चहा झाला, नव्या घराचं कौतुक झालं. सुजितने खोका पुढे सरकवला आणि त्याच्या हातांकडे बघत बसला.

संघर्षने कव्हरं उघडली नाहीत. खोका उचलून वजनाचा अंदाज घेतला. “बास होतील,” तो म्हणाला. “वहिनी, सुतळी आहे का थोडी?”

“सुतळी कशाला?”

“कबुतरं, राव! आठव्या मजल्यावर असून वैताग आणलाय. तुमच्याकडे सीड्यांनी गेली ना? म्हटलं आपल्याकडे आहेतच, देऊ टांगून.”

सुजितने खोक्यावर हात ठेवला. मग तो म्हणाला, “ह्या? ह्या टांगायच्या नसतात!”

दीपमाला भाजी निवडायला आत निघून गेली.

“अरे दादा,” संघर्ष हसला, “चौदा एप्रिलला आलो होतो ना मी. खाली गाडी लावली, वर पाहिलं तर सगळ्या बिल्डिंगवर माझ्या सीड्या. तिसऱ्या मजल्यावरचा कुत्रा तर लांबूनच ओळखला.”

“मग बोलला का नाहीस तेव्हा?”

“वहिनीने खीर केली होती. काय बोलायचं? चार दिवस वाईट वाटलं. मग म्हटलं, खरंय, मी तरी कुठे ऐकतो आता? आता काढून ठेवल्यास ते बरं केलंस, मला दारोदार मागायला नकोत.”

“संघर्ष, मी ऐकतो ही गाणी.”

“राहू दे रे. मला राग नाहीये.”

“खरंच ऐकतो. बसमध्ये. रोज.”

“दादा, तू?” संघर्ष इतक्या मनापासून हसला की त्याला ठसका लागला. “तू उशी फेकून मारायचास!”

दीक्षाने साक्ष दिली. काकाने तिच्याकडे बघून डोळे मिचकावले. बापाला वाचवतेय पोरगी. शेवटी सुजितने गळा साफ केला आणि पिवळ्या खुर्चीतल्या तिसऱ्या गाण्याची चाल गुणगुणायला लागला. सूर जागेवर नव्हता. पण मध्ये एके ठिकाणी ते गाणं थांबतं, संपलंसं वाटतं, तिथे तोही थांबला. आणि ड्रम जिथे परत सुरू होतात, तिथे संघर्षची बोटं खोक्यावर वाजली. त्याची त्यालाच ती दिसली, तेव्हा त्याने हात उचलला.

दीक्षाने ओला कुत्रा प्लेअरमध्ये घातला.

पहिलं गाणं नीट वाजलं. दोघे भाऊ दिवाणावर टेकून ऐकत होते. “आता पुढचं ऐक,” संघर्ष हळूच म्हणाला, “हेच तुला ऐकवायचो मी तेव्हा.” पुढचं सुरू झालं. गिटार आली, तो माणूस गायला लागला, पहिली ओळ झाली आणि तिथेच तो अडखळला. पुन्हा तोच शब्द. पुन्हा तोच. सीडी काढून पाहिली. भोकापासून बोटभर अंतरावर, महिनोन्‌महिने वाऱ्यावर हलणारी दोरी जिथे घासली होती, तिथे पांढरी गोल चर पडली होती.

“पुढे कसं आहे ते?” सुजितने विचारलं.

संघर्षने बराच वेळ आठवून पाहिलं. “नाही रे आठवत,” तो म्हणाला. “छान होतं.”

जेवून तो निघाला. “बाकीच्या नेतो. मोबाइलवर आहेत म्हणतोस ना तू ऐकायला?” सुजितने मान हलवली. नेऊ नकोस म्हणायचं त्याच्या ओठांवर होतं. पण ते म्हणण्याचा हक्क त्याने दिवाळीतच, टाळ्यांच्या बदल्यात, गॅलरीत टांगून टाकला होता. संघर्षने ओला कुत्रा मात्र खोक्यातून काढून टीव्हीवर ठेवला. “हा असू दे तुझ्याकडे. पहिलं गाणं तरी वाजतं.”

बाइक कोपऱ्यावर वळत नाही तोच दार वाजलं. सोजरबाई होत्या. हातात दीक्षाचा दातवाला कुत्रा. त्याच्या दातांवर कबुतराने आपला अभिप्राय नोंदवला होता.

“माझं दे,” त्या म्हणाल्या. “आण घेतलीस आईची.”

सुजित त्यांच्यामागे तिसऱ्या मजल्यावर गेला. बरोबर दीपमालाच्या शिवणाच्या डब्यातला मऊ सुती दोरा घेतला होता. भोकाच्या कडेला त्याने फडक्याची चिंधी गुंडाळली, दोरा दोन्ही बाजूंनी सारखा घेतला, सैल गाठ मारली आणि सीडी भिंतीला घासत नाही ना, हे वाकून बघितलं. मग पुन्हा सोडून थोडी वर बांधली.

सोजरबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. “एवढं जपून काय बांधतोस रं?” त्या म्हणाल्या. “मेलं ते कुत्रं काय आता पळून जातंय व्हय?”