भट्टीच्या लेकीची पूजा

खंडेनवमीच्या सकाळी लालासाहेब अंघोळ करून आला आणि दारातच थिजला. टेबलावरच्या त्याच्या काचेच्या पेटीत आईनं पूजा मांडली होती. एका टोकाला कुंकू, मधोमध हळद आणि वर झेंडूचं फूल!

ती पेटी म्हणजे कऱ्हाडजवळच्या काचकारखान्यातल्या भट्टीची धाकटी लेक, तिचीच छोटी नक्कल. मापाला माप लावून त्यानं ती घडवली होती. वितळलेली काच दाट, म्हणून आत एरंडेल. धगीसाठी खाली दिवा. तेल एका टोकानं आत, दुसऱ्या टोकानं बाहेर. कारखान्यात कंदिलाच्या काचांना रेघा येत होत्या आणि पेटत्या भट्टीत डोकावणार कोण? मालकांनी बजावलं होतं, दसऱ्यापर्यंत कारण सापडलं नाही तर भट्टी बंद. म्हणजे गावातल्या निम्म्या चुली बंद. तेल आत कसं वाहतं ते दिसावं म्हणून लालानं त्यात शाई टाकून पाहिली, पण तिचे थेंब तळाशी रुसून बसले.

"आये, काय केलंस गं हे?"

"आज हत्यारांची पूजा न्हाई व्हय? थोरलीला हार, आन् ही काय सवतीची?" हरणाबाई म्हणाली.

लाला चमच्यानं कुंकू काढू लागला. फूल तेवढं हाती आलं. तेवढ्यात मालक आणि भट्टीवरचा बशीर मिस्त्री दारात हजर!

"लालासाहेब, हे शास्त्र का सत्यनारायण?" मालकांनी विचारलं.

"मालक, जरा हिकडं बगा," बशीर वाकून म्हणाला.

हळद दिव्यावर वरखाली गिरक्या घेत होती. कुंकू मात्र तेल आत येतं त्या थंड टोकाला बुडी मारून, तळातनं सरपटत, थेट बाहेरच्या तोंडाशी निघालं होतं.

लालानं चमचा टाकला. "कच्चा माल! शिजायच्या आधीच तळातनं पळतोय, म्हणून रेघा!" त्यानं फुटक्या पाटीचा तुकडा तळाशी आडवा उभा केला. कुंकू अडलं, वर चढलं आणि हळदीत जाऊन मिसळलं.

मालक बशीरकडं वळले. "भट्टी दुरुस्तीपुरतीच थंड करा. अशीच भिंत घाला. रंगाची अक्कल कुणाची?"

"त्याचीच की! लय हुशार हाय पोरगं," हरणाबाईनं ठोकून दिलं.

"न्हाई मालक, आईची," लाला म्हणाला.

भिंत झाली, काचा नितळ निघाल्या. मालकांनी हरणाबाईला मानानं थोरल्या भट्टीच्या पूजेला बोलावलं. तिनं मूठभर कुंकू घेतलं आणि थेट भट्टीच्या तोंडाकडं हात उचलला.

"आये, आत नगं! भायेरनंच वहा!" लाला ओरडला.

"आन् मग आत काय चाललंय, ते तुला दिसायचं कसं?"