पदकाची घासपूस

संध्याकाळी कॅप्टन युद्धाचं पदक छातीवर लावून माजी सैनिकांच्या मेळाव्याला जाणार होत्या, आणि दुपारी ते पदक गुळगुळीत होऊन तात्यांच्या हातात पडलं होतं. कॅप्टन म्हणजे तात्यांची बायको. लढाईत जखमींची गाडी चालवलेली, आणि लष्करातर्फे धावताना कधी कुणाला पुढे जाऊ न दिलेली. तात्यांनी जन्मभर पोस्टात शिक्के मारले. बायकोसाठी एकदा तरी काहीतरी करावं, म्हणून काळवंडलेलं पदक त्यांनी आधी फडक्याने घासलं, मग टूथपेस्टने. चमक येऊ लागली तसा त्यांना चेव चढला आणि त्यांनी दाराखिडक्यांचा पॉलिश पेपर काढला. काळेपणा गेला. अक्षरंही गेली.

आता आपली धडगत नाही, हे कळून ते ढाली-चषकांच्या दुकानात धावले.

"काय कोरू?" कारागिराने विचारलं.

"तेच तर आठवत नाही हो!" तात्या रडकुंडीला आले. "इतकी वर्षं घरात आहे, कधी नीट वाचलं नाही मेल्याने!"

"कुणाचं आहे?"

"बायकोचं. चारशे मीटर वाऱ्यासारखी धावायची!"

"मग सोपंय. चहा घेऊन या तुम्ही."

तात्या चहा घेऊन आले तेव्हा पदकावर सुबक अक्षरं उमटली होती : 'चारशे मीटर धावणे. द्वितीय क्रमांक.'

"अहो, युद्धाचं होतं ते!"

"मग आधी बोलायचं ना! रुपेरी म्हणजे दुसरा नंबर. इथे रोज तेच कोरतो मी."

घरी कॅप्टन कडक इस्त्रीचा कोट घालून उभ्या होत्या. तात्यांनी पदक पुढे केलं आणि डोळे मिटून घेतले.

"युद्धाचं पुसलंत?"

"हो गं. चुकलो. मेलो मी."

कॅप्टन खुर्चीत बसल्या. पदक हातात घेऊन त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"पुसलं ते बरंच झालं," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या गाडीत, माझ्या पाठीमागे जी पोरं गेली, त्यांची नावं कुठे होती त्याच्यावर?"

तात्यांना भडभडून आलं. इतक्या वर्षांत ती हे पहिल्यांदाच बोलली होती. त्यांनी तिचा हात धरायला हात पुढे केला.

"पण द्वितीय?" कॅप्टन ताडकन उठल्या. "मी? चारशे मीटरला? चला, कुठे आहे तो दुकानवाला!"

आणि त्या निघाल्यासुद्धा. तात्या धापा टाकत मागून गेले. दुसरा नंबर त्यांचा होता.