नासीर सरांची हजेरी

रिठदजवळच्या आमच्या शाळेत नववीचं एकही पोर हजेरीला "येस सर" म्हणत नाही. इंग्रजीच्या नासीर सरांना ते चालत नाही. नंबर पुकारला की काल आपल्याला काय झालं ते इंग्रजीत सांगायचं, आणि त्यात 'गॉट' आलंच पाहिजे.

"अवर गोट गॉट लॉस्ट, सर."

"मंग?"

"आय गॉट बीटन."

मग बकरी कुठे गेली असेल यावर सगळ्या वर्गाची चर्चा. 

एवढा गॉटचा सोस कशाला, असं मी एकदा विचारलं. "पुस्तकातलं पॅसिव्ह, 'वॉज बीटन', कोट घालून येते, सर," ते म्हणाले. "हे 'गॉट बीटन' बनियनवर येते. घरात कोट कोन घालते?"

दुसरा तास माझा, गणिताचा. मी खडू घेऊन दारात उभा. वीस वर्षं फळ्यापुढे उभं राहून गुडघे कामातून गेलेत, त्यात हे. आतून आवाज यायचा, "दोन मिनिटं सर, बकरीचं मिटून राह्यलं!"

स्टाफरूममध्येही सुटका नव्हती. "बोला सर, काल तुमाले काय झालं?"

"काही नाही."

"असं कसं? काहीतरी झालंच असन."

शेवटी वैतागून मीच मुख्याध्यापकांकडे तक्रार केली. शनिवारी शाळा सुटताना त्यांनी सरांना बजावलं, "सोमवारपासून नुसते नंबर घ्या." सर फक्त "बरं" म्हणाले.

सोमवारी हजेरी दोन मिनिटांत उरकली. माझा तास पुरा मिळाला. पोरं गप्प बसून गणितं करत होती आणि मला शिकवायचा कंटाळा आला होता.

मधल्या सुट्टीत सर डबा न उघडता बसले होते. त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी गेली, मुलगी सासरी मालेगावला. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. भेटायलाही जाऊन आलो होतो, एकदा. मला माझीच लाज वाटली. शेजारी जाऊन बसलो.

"सर, काल तुम्हाला काय झालं?"

त्यांनी चमकून पाहिलं. हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा. डब्याच्या झाकणावरून बोट फिरवलं.

"शनवारी शाळा सुटली, सर, तवापासून तोंड उघडलं ते आज हजेरीलेच," ते म्हणाले. "अन् तेबी नुसते नंबर."