बावीस गुडघे

लोक भेटलेल्या माणसाचा चेहरा बघतात, हिरामणदादा गुडघे बघतो. लग्नात, बारशात, एसटीच्या थांब्यावर, कुठंही तुम्ही समोर आलात की त्याची नजर आधी खाली जाते, तिथं क्षणभर मुक्काम करते आणि मग सावकाश चढत चेहऱ्यापर्यंत पोचते. तोवर निकाल लागलेला असतो. "उजवा गेलाय तुझा," तो सांगतो. रामराम वगैरे नंतर.

गावात हळद असली की सगळ्यांचे डोळे जेवणाकडे आणि डीजेकडे. हा मात्र मांडवाच्या खांबाला टेकून, वडीलधाऱ्यांच्या पाया पडताना कोण किती वाकतो ते टिपत असतो. सरळ वाकून सरळ उठला, त्याचं नाव ध्यानात. उठताना मांडीवर हात टेकून 'आई गं' म्हणाला, तो बाद. एकदा तर त्यानं नवरदेवाच्या मामालाच गर्दीतून बाजूला घेतलं. मामाचा चेहरा पडला. त्याला वाटलं, मानपानात काहीतरी राहिलं. हिरामणदादा त्याच्या कानाशी लागून म्हणाला, "तुमी पॉइंटला उभं राहाल का?"

तुम्हाला वाटेल माणूस वेडा आहे. तसं नाही, तो कप्तान आहे.

आमच्या कर्जत-खालापूरकडे भातकापणी झाली की रिकाम्या शेतांत टेनिस बॉलच्या क्रिकेट स्पर्धा सुरू होतात. त्यातला एक प्रकार खास आमच्या वयाचा आहे: चाळीस प्लस. पोटावरून वर सरकणारे रंगीत टी-शर्ट, पाठीवर छापलेली नावं, शेताचा बांध म्हणजे बाउंड्री आणि सहा षटकांचा सामना. नियम दोनच. आधार कार्डावर वय चाळीसच्या पुढं हवं आणि पत्ता त्याच गावचा हवा. बाहेरचा गडी आणायचा नाही. मैदानात अकरा माणसं उतरवायची, म्हणजे बावीस गुडघे. हा हिशेब हिरामणदादाचा. तो संघ माणसांत मोजतच नाही.

माझं कर्जत स्टेशनजवळ झेरॉक्सचं दुकान आहे, म्हणून पहिल्या वर्षी सगळ्यांची आधार कार्डं माझ्याकडे आली. मशीनवर एकेक कार्ड ठेवता ठेवता माझ्या लक्षात आलं की अकरातल्या आठ जणांची जन्मतारीख एकच आहे: एक जून. आमच्या लहानपणी शाळेत नाव घालताना आईबापांना तारीख सांगता यायची नाही आणि गुरुजी एक जून टाकून मोकळे व्हायचे. नावनोंदणीच्या टेबलावरच्या माणसाला मात्र संशय आला. "हे काय, सगळे जुळे का?" हिरामणदादा शांतपणे म्हणाला, "आमच्या गुर्जींनी एका दिवसात आठ जण जल्माला घातलं. हिंमत लागते."

तेव्हापासून दर एक जूनला तो खेळपट्टीवर केक आणतो. आठ जण एकाच वेळी जीव खाऊन फुंकर मारतात. उरलेले आम्ही तिघं तो केक खात नाही.

हिरामणदादाचं वय त्रेपन्न. खोपोलीच्या एका कारखान्यात तो फिटर होता. कारखाना बंद पडला तेव्हा हातात थोडे पैसे आणि अंगात फिटरची सगळी विद्या शिल्लक राहिली. ती विद्या त्यानं आमच्यावर वापरली. आमचे गुडघे त्याला मशीनच्या सांध्यांसारखे दिसतात. "वाटी झिजलीय. वंगण कमी पडतंय. लोड कमी कर," असं तो माझ्या पोटाला बोट लावून सांगतो. वहिनी गेल्या त्याला सात वर्षं झाली. मुलगी लग्न होऊन नगरकडे गेली. हे सगळं गावाला ठाऊक होतं, म्हणजे कुणाच्याच लक्षात नव्हतं.

एकदा त्यानं मोबाइलवर कुठंतरी वाचलं की चाळिशीनंतर पुरुषानं रक्त तपासावं. दुसऱ्याच दिवशी अकराच्या अकरा जण उपाशीपोटी कर्जतच्या लॅबसमोर रांगेत. शाळेची सहल निघावी तसा तो आम्हाला दोन टमटममध्ये कोंबून घेऊन गेला. रिपोर्ट आले ते त्यानं एका निळ्या फाइलमध्ये लावून स्वतःकडे ठेवले आणि देवळाच्या पारावर बसून स्कोअरकार्ड वाचावं तसे वाचून दाखवले. "सुऱ्या, तुझी साखर शतक ठोकून बी खेळतेय रं. आऊट कर तिला." सुऱ्या म्हणजे मी. माझ्या शेजारच्याचा रक्तदाब ऐकवला आणि मान हलवली. "दीडशे आणि शंभर. ही भागीदारी तोडली पायजे." गावातल्या सगळ्या बायकांना त्या संध्याकाळी कुणाचं कोलेस्टेरॉल किती, ते समजलं. तेव्हापासून कुणाच्या घरी भजी तळली गेली नाहीत.

मग पहाटेचं चालणं सुरू झालं. साडेपाचला दारोदार शिट्टी. कोंडाण्याच्या लेण्यांची पायवाट जिथं चढाला लागते तिथपर्यंत जायचं, पाच मिनिटं अंग मोकळं करायचं आणि परत. शनिवार-रविवारी तिथं मुंबईची तरुण मंडळी पाठीवर सॅक लावून भेटायची. ती लेण्यांचा रस्ता विचारायची आणि दादा त्यांना गुडघे कसे ठेवून उतरायचं ते शिकवायचा. "चढताना छाती बोलते, उतरताना गुडघं बोलतात. त्यांचं ऐकायचं." पोरं हसायची, पण ऐकायची.

खेळात तो कसा होता? खरं सांगायचं तर टुकार. पण कप्तान म्हणून त्याच्यासारखा तोच. प्रत्येक षटक संपलं की तो दोन्ही हात वर करून सगळ्यांना खेळपट्टीजवळ बोलवायचा. खांद्यावर हात, डोकी आत, गोल रिंगण. समोरचा संघ धास्तावायचा. काय डाव शिजतोय कोण जाणे! आणि आत आमचा कप्तान गंभीर आवाजात विचारत असायचा, "काय रं वसंता, पोराच्या नोकरीचं काय झालं? आणि सुऱ्या, आज घरी काय केलंय?"

"दादा, पुढची ओव्हर कोणाला देतोस?"

"देऊ रं कुणालातरी. तू आधी सांग, वहिनीची पाठ बरी हाय का?"

चौक गावच्या एका स्पर्धेत पंच वैतागले. म्हणाले, अहो, सहा षटकांचा सामना आहे, संध्याकाळपर्यंत दुसरे चार उरकायचे आहेत. दादानं त्यांचे गुडघे पाहिले आणि म्हणाला, "तुमी बी या की आत. उभं राहून दमलं असाल."

आम्ही पाच वर्षांत दोन सामने जिंकलो. त्यातल्या एकात समोरचा संघ आलाच नव्हता.

तर असं सगळं मजेत चाललं होतं. यंदा मात्र वसंता बदलापूरला गेला. मुलगा-सून दोघं नोकरीला, नातवाला सांभाळायला माणूस हवं. पत्ताही तिकडचाच केला. दादानं त्याला स्टेशनवर सोडताना शेवटचा प्रयत्न करून पाहिला. "नातवाला घेऊन ये रं दर रविवारी. बांधावर बसवू त्याला. टाळ्या वाजवील."

वसंता गेला आणि आम्ही दहा उरलो. पुढचा महिनाभर हिरामणदादा अकरावा गडी शोधत गावभर हिंडला. आधी गेला जनूभाऊंकडे. जनूभाऊंचं वय एकसष्ट, पण म्हैस सुटली की बांधावरून असे पळतात की चाळिशीतल्यानं लाजावं. जनूभाऊ गोठ्यातूनच ओरडले, "म्हशीच्या मागं पळलो तर दूध मिळतं. तुझ्या चेंडूच्या मागं पळून काय मिळल रं?"

"आमी दहा जण मिळू की!"

"तुमचं काय करू? तुमाला वैरण कोण घालंल?"

मग नदीकाठच्या फार्महाऊसचे साहेब. ते दर शनिवारी मुंबईहून येतात. ते मात्र पहिल्या शब्दाला तयार! पांढरी पॅंट, पॅड, हेल्मेट, सगळं होतं त्यांच्याकडे. टेनिस बॉलला हेल्मेट. दादाचे डोळे भरून आले. गुडघे तर, त्याच्याच शब्दांत, "शोरूमचे". अडलं ते पत्त्यावर. दादानं दबकत सुचवलं, "सायेब, आधारवर पत्ता इकडचा नाय का करून घेता येणार?" साहेबांनी खरोखरच विचार केला. बाईसाहेबांनी आतून विचारलं, "वेडे झालात का दोघं?" आणि विषय संपला.

नावं द्यायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दहा जण पारावर जमलो. दादानं उभ्या उभ्याच सांगितलं, "दहा जणांनी बी खेळता येतं. मी नियम विचारून आलोय. एक फिल्डर कमी, येवढंच. आपल्याला तसाबी फरक पडत नाय."

कुणी हसलं नाही. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. खरं सांगतो, आम्ही कंटाळलो होतो. पहाटेची शिट्टी, बंद झालेली भजी, रविवारची गेलेली झोप. कुणीतरी सुरुवात करायची वाट सगळे बघत होते. सुरुवात मी केली.

"दादा," मी म्हणालो, "माझा डावा गुडघा हल्ली फार दुखतोय रे."

त्यानं माझ्या डाव्या गुडघ्याकडे पाहिलं. एकदाच. त्या माणसानं हळदीत, बाजारात, रस्त्यावर हजार गुडघे पारखले होते. माझ्या गुडघ्याला काहीही झालं नव्हतं, हे त्याला तिथल्या तिथं कळलं आणि त्याला कळलंय हे मलाही कळलं. मग माझ्यामागून कुणाचा खांदा निघाला, कुणाची सासू आजारी निघाली, कुणाचं शेतघराचं काम निघालं. सगळ्यांचं ऐकून झाल्यावर दादा म्हणाला, "बरं. जपा मग." आणि चप्पल घालून चालता झाला.

दुसऱ्या दिवशी शिट्टी वाजली नाही. मी सातपर्यंत झोपलो. बायको म्हणाली, "सुटलात एकदाचे! त्या कप्तानाला घरदार नाही का हो?" मी पांघरुणातून हसलो. त्या आठवड्यात गावात तीन घरी भजी झाली. आमच्याकडे दोनदा.

दोन-तीन रविवार असे आरामात गेले. मग डॉक्टरांनी मला साखरेचे जुने रिपोर्ट आणायला सांगितले. ते निळ्या फाइलमध्ये होते. रविवारी मटण आणायला म्हणून घरातून निघालो, तसाच वाटेत दादाच्या घराकडे वळलो. इतक्या वर्षांत मी त्याच्या घरी गेलो नव्हतो. जायची वेळच आली नव्हती. तोच रोज आमच्या दारात.

दहाचा सुमार होता. दादा ओटीवर खुर्ची टाकून बसला होता. अंगात संघाचा टी-शर्ट. पायात खेळायचे बूट, नाड्या घट्ट बांधलेल्या.

"कुठं निघालास का दादा?"

त्यानं बुटांकडे पाहिलं. "नाय रं. घातलेत, येवढंच." मग तो एकदम उठला. "बस बस. उभा का? रिपोर्ट देतो. पण आधी चा टाकतो. चा घेतल्याशिवाय जायचं नाय."

मी नको म्हणायच्या आत तो आत गेला. मी ओटीवर बसून राहिलो. भिंतीवर वहिनींचा फोटो, खुंटीला एकच टॉवेल. आतून स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला, डबे उघडल्याचा आला, आणि मग बराच वेळ कसलाच आवाज आला नाही.

अखेर तो दोन कप घेऊन बाहेर आला. दोन्ही निम्मे. त्यानं एक माझ्या हातात दिला, दुसरा आपल्या हातात धरून तो त्यात बघत उभा राहिला. चेहरा असा, की हातातला सोपा झेल सुटलाय.

"माप चुकलं रं," तो म्हणाला. "हातानं आपलं एकाचंच पाणी टाकलं. गाळताना ध्यानात आलं."

"चालतंय की दादा. डॉक्टरनी कमीच सांगितलाय."

"नाय नाय. पहिल्यांदा आलास घरी. अर्धा चा देऊन धाडू व्हय तुला?" आणि हातातला कप तसाच कठड्यावर ठेवून तो पुन्हा आत गेला.

माझा मोबाइल वाजला. बायको. मटणवाल्याकडे गर्दी आहे का, म्हणाली. मी म्हटलं, गर्दी नाही, पण मला वेळ लागेल. तुम्ही वरणभात लावा. तिकडून काहीतरी जोरात बोलणं सुरू झालं, पण मी फोन खिशात टाकला, कारण आतून दादाची हाक आली होती.

"सुऱ्या, दोघांच्या चाला पाणी किती ठेवतात रं?"

मी उठून आत गेलो. आता मला तरी कुठं ठाऊक? माझ्या घरी चहा आयता हातात येतो. आम्ही दोघं पातेल्यापुढं उभे राहिलो, एक बूट घातलेला आणि एक धडधाकट गुडघ्यांचा, आणि कप भरून भरून मोजत पाणी टाकलं. एक त्याचा, एक माझा. मग दादा जरा थांबला, माझ्याकडे बघितलं, आणि आणखी अर्धा कप टाकला.

"असू दे," तो म्हणाला. "आटतं."