ड्रायरचं धुराडं

कपडे वाळवायचं यंत्र सयाजीरावांच्या दारात उतरलं तेव्हा कसबा बावड्यात पावसानं नुसता वैताग आणला होता. दोरीवरचे कपडे आठवडाभर दोरीवरच राहायचे आणि खाली काढले की कुबट वास मारायचे. यंत्र त्यांच्या बायकोच्या, निशिगंधावहिनींच्या, भावानं दिलं होतं. हा गृहस्थ मस्कतला नोकरीला होता. जिथं चादर दोरीवर टाकून मागं वळेपर्यंत कडक होते, तिथं त्यानं हे यंत्र हौसेनं विकत घेतलं, आणि कायमचा परत येताना बोटीत घालून इकडं आणलं. इथं आल्यावर ते त्याच्या फ्लॅटमध्ये मावेना. तेव्हा कुठं त्याला बहिणीची माया आठवली.

सयाजीराव मात्र हरखून गेले. रविवारी गल्लीतल्या दूध संस्थेची सभा होती आणि त्यांना चेअरमन व्हायचं होतं. संस्था लहान. सभासद हात वर करून चेअरमन ठरवत, कायद्यात काय लिहिलंय ते कायद्यापाशी. कित्येक वर्षं ती खुर्ची त्यांच्या चुलतभावानं, म्हणजे शेजारच्या दादासोनं, अडवली होती. का अडवली, याचं सयाजीरावांनी पुष्कळ चिंतन केलं होतं, आणि दादासोचे कपडे पांढरेशुभ्र असतात एवढंच त्यातून निघालं होतं. मग त्यांनीही कडक पांढऱ्या शर्ट-पॅंटचे तीन जोड शिवून घेतले. तिन्ही पावसानं कुबट करून टाकले होते.

सयाजीरावांना म्हशी होत्या, नाही असं नाही. नदीकडच्या रानात गोठा होता आणि ज्ञानू नावाचा गडी त्यांचं सगळं बघायचा. दिवाळीच्या पाडव्याला बावड्यातले लोक म्हशी सजवून मिरवायला काढतात, तेव्हा सयाजीराव नाकाला रुमाल लावून लांबूनच कौतुक करायचे. दूध कुठल्या बाजूला बसून काढतात हे त्यांना सांगता आलं नसतं. पण चेअरमन व्हायला ते कुठं लागतं?

यंत्र बसवायला गुंडू मिस्त्री आला. गुंडू नळ, वायरिंग, गवंडीकाम आणि गणपतीचं डेकोरेशन असं सगळं करायचा आणि सगळं सारख्याच आत्मविश्वासानं बिघडवायचा.

"ह्याला भोक लागंल," यंत्राच्या मागचं गोल तोंड चाचपून तो म्हणाला. "कपड्यातलं पाणी वाफ हून हिथनं भाईर येतंय. ती घराभाईर काढाय पायजे. न्हायतर कपडे वाळत्यात आन् भिंती भिजत्यात."

"मग पाड की भोक."

"कुठल्या भिंतीला?"

पुढच्या भिंतीला नवी ग्रॅनाईट लावली होती. चेअरमनच्या दर्शनी भिंतीला भोक कसं शोभणार? मागच्या भिंतीला देवघर होतं. तिकडं गुंडूनं नुसती नजर टाकली तर सयाजीरावांच्या आई, चिमणाबाई, दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"माझ्या देवांच्या अंगावर चड्ड्या-बनियनची वाफ सोडतोस व्हय रं, सया?"

राहिली ती दादासोच्या बोळाकडची भिंत. ती दोन्ही घरांत सामायिक, आणि पुढं अंगणात तीच बुटकी होऊन गेलेली. सयाजीराव मनावर दगड ठेवून शेजारी गेले. दादासो कट्ट्यावर सुपारी कातरत बसला होता.

"दादा, भिंतीला एवढंसं भोक पाडायचं हुतं. मशीनची हवा जायाला."

"कसली हवा?"

"नुसती गरम हवा. काय त्रास न्हाय."

"त्रास न्हाय तर तुझ्या घरातच ठेव की."

"दादा, भिंत सामायिक हाय."

"म्हणून तर सांगालोय. आज हवा सोडशील, उद्या पाणी सोडशील, परवा दार काढशील. आज्जानं बांधल्याली भिंत हाय. मी जिता हाय तवर हिला भोक पडायचं न्हाय." दादासोनं सुपारी तोंडात टाकली. "आन् सयाजी, कपडे वाळवून चेअरमन हुता येत न्हाय."

हे शेवटचं वाक्य सयाजीरावांना फार लागलं. घरी येऊन त्यांनी गुंडूला सांगितलं, काय वाट्टेल ते कर, पण रविवारच्या आत हे यंत्र चालू झालं पाहिजे. आता अशी मोकळीक गुंडूसारख्या माणसाला द्यायची नसते. तो घरभर हिंडला आणि न्हाणीघराच्या दारात थांबला. आत अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब होता आणि त्याचा धूर पत्र्याच्या धुराड्यातून छपराबाहेर जात होता.

"मालक, भोक तुमच्याकडं हायच की. बंबाचं."

"म्हंजे?"

"बंबाचा धूर गरम, हेची हवा बी गरम. दोघं एका वाटेनं गेली तर काय भांडत्यात व्हय? मशीनची नळी धुराड्यात घुसवून देतो. ना भिंत फोडायची, ना कुणाच्या पाया पडायचं."

"आन् धूरच उलटा मशीनमदी आला तर?" निशिगंधावहिनींनी विचारलं.

"वैनी, धूर वर जातोय. खाली आल्याला धूर मी तरी बघितला न्हाय."

"तुला काय कळतंय त्यातलं?" सयाजीराव बायकोला म्हणाले. घरात अक्कल असलेलं एकच माणूस होतं, त्याला असं गप्प बसवण्यात आलं.

नळी धुराड्याला जोडली गेली. पहिल्या खेपेला एक टॉवेल आणि दोन पायमोजे आत टाकले, ते खरोखर कोरडे ठणठणीत आणि ऊनऊन बाहेर आले. सयाजीरावांनी गल्ली गोळा केली. येईल त्याच्या गालाला तो टॉवेल लावला. लोकांनीही बिचाऱ्यांनी लावून घेतला. दादासो भिंतीवरून बघत होता, पण गाल पुढं करायला काही आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सयाजीरावांनी उत्साहाच्या भरात यंत्र पुन्हा चालू केलं. चिमणाबाई तेव्हा न्हाणीघरात होत्या आणि बंब पेटलेला होता. यंत्रानं धुराड्यात फुंकर मारली, ती धूर घेऊन बंबातून खाली उतरली आणि बंबाच्या बुडातली सगळी राख घेऊन न्हाणीघरात पसरली. चिमणाबाई ओल्या लुगड्यानिशी बाहेर आल्या तेव्हा त्यांचे फक्त डोळे ओळखू येत होते.

"मी अंघुळीला गेलतो का धुळवडीला?" त्यांनी विचारलं. "सया, ते डबडं हितनं हलीव. न्हायतर मी तुझ्या बहिणीकडं उचगावला जातो, आन् गल्लीत सांगून जातो का चाललोय ते."

सभेच्या तोंडावर आईनं गल्लीत असं काही सांगत जाणं परवडणारं नव्हतं. गुंडूला बोलावणं गेलं. त्यानं राखेकडं शांतपणे बघितलं.

"दोघं एकदम चालू केल्यासा कशाला? संध्याकाळी मशीन, सकाळी बंब. पाळी लावा की."

चूक आपली नसून आपल्या आईच्या अंघोळीची होती, हे सयाजीरावांना लगेच पटलं.

शनिवारी संध्याकाळी तिन्ही जोड स्वच्छ धुऊन, नीळ घालून यंत्रात गेले. वहिनी म्हणाल्या, "एक जोड तरी दोरीला टाकू द्या."

"वास मारतोय दोरीवर. घाल सगळे आत."

यंत्र घरघरायला लागलं आणि थोड्याच वेळात लाईट गेली. त्या वर्षात लाईट जाणं हा बातमीचा विषय राहिला नव्हता. वहिनी यंत्राचं दार उघडायला गेल्या.

"हात लावू नको. आतली गरमी जाती. लाईट आली की हुतंय चालू आपोआप."

लाईट पहाटे आली. यंत्र आपोआप चालू झालं नाही, कारण लाईट जाऊन आली की त्याचं बटण पुन्हा दाबावं लागायचं. मस्कतमध्ये लाईट जात नसल्यामुळं मेहुण्याला हे ठाऊक नव्हतं, आणि सयाजीरावांना काहीच ठाऊक नव्हतं. ते चेअरमन झाल्याच्या थाटात घोरत होते. चिमणाबाईंनी उठून पाळीप्रमाणे बंब पेटवला. रविवार, घरातल्या सगळ्यांच्या न्हाण्याचा दिवस, त्यामुळं बंब धगधगता ठेवायचा. त्यात जळणाच्या शेणी, म्हणजे गोवऱ्या, पावसानं ओल्या झालेल्या. धूर निघाला तो रग्गड निघाला. छपरावर पावसाचा मारा होता, धुराला वरची वाट अवघड झाली, तेव्हा गुंडूनं करून दिलेल्या आडव्या वाटेनं तो सरळ यंत्रात जाऊन बसला.

सयाजीरावांनी अंघोळ करून, देवाला हात जोडून यंत्राचं दार उघडलं. आधी धूर बाहेर आला. मग कपडे. कपडे दमट होते आणि त्यांचा रंग कुठला म्हणायचा ते सांगता येत नव्हतं. वास मात्र शेणीच्या धुराचा, अगदी खणखणीत होता.

"धुऊन टाक परत," सयाजीराव कसंबसं म्हणाले.

"आन् वाळवू कशात?" वहिनींनी विचारलं. त्यांच्या आवाजात माया शोधूनही सापडली नसती. "तो चौकड्याचा शर्ट घालून जावा की."

"चौकड्याच्या शर्टात चेअरमन बघितलाईस कुठं?"

शेवटी त्यातल्या त्यात कमी धुरकटलेला जोड इस्त्री करून अंगात चढवला. इस्त्रीच्या उबेनं वास आणखी उठला. सयाजीराव छत्री तोंडापुढं धरून सभेला गेले आणि शेवटच्या ओळीत भिंतीला टेकून बसले. समोर दादासो परीटघडीच्या कपड्यात, अत्तर लावून बसला होता. वर्षांमागून वर्षं वाट बघितली, आणि आता धुरानं सगळं नासलं. सयाजीरावांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं, थोडं दुःखानं आणि थोडं शर्टानं.

शेजारी जोतीराम म्हणून एक म्हातारा सभासद बसला होता. गेल्या महिन्यात त्याची म्हैस आजारी पडली होती, तेव्हा चेअरमनसाहेब चिखलात बूट भरतील म्हणून बांधावरूनच परत गेले होते. तो राग म्हातारा धरून होता. त्यानं नाक वर करून हुंगलं.

"शेणीचा धूर," तो म्हणाला. "सयाजीराव, गोठ्यात माशास्नी धूर केलतासा व्हय पहाटं?"

खरं सांगायचं तर मस्कतपासून सुरुवात करावी लागली असती. "व्हय," सयाजीराव म्हणाले.

"सवता?"

"व्हय."

जोतीराम गुडघ्यावर हात देऊन उठला. "मंडळी, जरा ऐका. ह्यो माणूस पहाटं उठून म्हशीला माशी चावू ने म्हणून धूर करतोय, आन् हाय त्या कपड्यात सभेला येतोय. डोळं बघा, धुरानं लाल झाल्यात. आन् तिकडं अत्तर लावून बसल्यात, ते बांधावनं परत जात्यात. हिथं दुधाचा धंदा चालतोय का अत्तराचा?"

मग काय, हात वर व्हायला लागले. दादासोच्या शेजारी बसलेल्यांनीसुद्धा, त्याच्याकडं न बघता, हळूच वर केले. माणूस ओळखायला नाकापेक्षा जास्त काही वापरायची त्या सभेची तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी गुंडू नवी नळी घेऊन आला. "मालक, धुराड्यातनं काढतो आन् छपरातनं सवतंत्र वाट करून देतो."

"हात लावायचा न्हाय," चेअरमनसाहेब म्हणाले.

तेव्हापासून सभेच्या आदल्या दिवशी चेअरमनसाहेबांचे पांढरे कपडे यंत्रात जातात आणि बंबात मुद्दाम ओल्या शेणी पडतात. यंत्राची वायर गुंडाळून फळीवर ठेवली आहे. वहिनींची लुगडी पूर्वीसारखीच माजघरातल्या दोरीवर कुबट होत असतात. मध्ये एकदा गडी ज्ञानू दारात आला होता.

"मालक, शेणी सगळ्या घराकडं आणल्यासा. गोठ्यात धूर कराय एक न्हाय. माशा लई झाल्यात, म्हशी पाय झाडत्यात, दूध कमी झालंय."

"बघूया," चेअरमनसाहेब नाकाला रुमाल लावून म्हणाले. "आता सभेची गडबड हाय."

त्याच सकाळी भिंतीवरून दादासोनं हाक मारली.

"सयाजी, ते भोक पाडायचं म्हणत हुतास न्हवं?"

"हुतो. का?"

"पाड की. तुझी हवा येऊ दे आमच्या बोळात. आमची काय हरकत न्हाय."

सयाजीरावांनी टाचा वर करून भिंतीपलीकडं बघितलं. बोळात नवी दोरी बांधली होती आणि तिच्यावर दादासोचे पांढरे कपडे ओळीनं टांगले होते.

"कसं पाडू, दादा?" ते म्हणाले. "सामायिक भिंत हाय. आज्जानं बांधल्याली."

आणि आत जाऊन त्यांनी बंबात आणखी एक ओली शेणी सारली.