लिंबाजी, ऐकू यायलंय का?

सगळीकडचे माइकवाले माइक चालू झाला की ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग’ म्हणतात. आमच्या मानवतचे मुंजामामा तसं म्हणत नाहीत. ते माइकवर दोन टिचक्या मारतात, घसा खाकरतात आणि विचारतात, “लिंबाजी, ऐकू यायलंय का?”

लग्न असो, शोकसभा असो, पतसंस्थेची वार्षिक सभा असो, पहिलं वाक्य हेच. एकदा बाहेरगावच्या पाहुण्या साहेबांना वाटलं, हे आपल्या स्वागताचंच काहीतरी चाललंय. ते बिचारे उठून हात जोडून उभे राहिले. गावाला तर त्याची इतकी सवय झालीय की पोरं क्रिकेट खेळताना एकमेकांना तसंच ओरडतात. आमच्या शेजारच्या वहिनीसुद्धा, नवऱ्याने दोन हाकांना ओ दिली नाही की स्वयंपाकघरातून म्हणतात, “अहो लिंबाजी, ऐकू यायलंय का?” पण हा लिंबाजी कोण, हे कुणी कधी विचारलं नाही. मीही नाही. मला माझे ताप काय कमी होते?

मी वाचनालयाचा सचिव. मराठीचा मास्तर असल्यामुळे सूत्रसंचालनही माझ्याच गळ्यात पडलं, ते आजतागायत उतरलेलं नाही. किती सत्कार केले असतील देव जाणे. आता शाल दिसली तरी मला जांभई येते. एका वर्षी आम्ही एका कवींना शाल पांघरली, तीच शाल चार वर्षांनी तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला माझ्या खांद्यावर पडली. मी ओळखली, कारण तिच्यावरचा चहाचा डाग मीच पाडलेला होता. या सगळ्या कार्यक्रमांना साउंड मुंजामामांचं. म्हणजे माझ्याइतकाच कंटाळा त्यांनाही यायला हवा होता. पण तो गडी प्रत्येक वेळी असा तयारीत, जणू पहिलाच कार्यक्रम.

त्यांच्याशी माझं एकच भांडण होतं. त्यांच्याकडे दोन भोंगे. एक श्रोत्यांकडे आणि दुसरा कायम बाहेरच्या मोठ्या रस्त्याकडे तोंड करून. माझं निम्मं वक्तृत्व आजवर ट्रकवाल्यांनी ऐकलंय. मागच्या रांगेतले लोक “ऐकू येईना” म्हणून बोंब मारतात आणि तिकडे एसटीतले प्रवासी खिडकीतून डोकं काढून ‘अध्यक्ष महोदय’ ऐकतात. मी किती वेळा म्हटलं, “मामा, तो भोंगा आत फिरवा.” तर म्हणायचे, “ऱ्हाऊ द्या सर. जाणारायेणारा बी माणूसच हाय की.”

आणि दुसरा ताप म्हणजे त्यांचं रॉकेनरोल.

मामांना संगीतातलं फार कळतं असं नाही, पण कशाला रॉकेनरोल म्हणायचं आणि कशाला नाही, यावर त्यांचं मत ठाम. वरातीत डीजे दणाणत असायचा, छातीचा पिंजरा हलायचा, आणि मामा माझ्या कानाशी येऊन म्हणायचे, “हे रॉकेनरोल न्हाई, सर.” एकदा मला राहवलं नाही. मी मास्तर माणूस, मोबाईलवर त्यांना खरं रॉक अँड रोल दाखवलं. परदेशातली पोरं, गिटार, ड्रम, पब्लिक वेडं झालेलं. मामांनी हनुवटीला हात लावून सगळं बघितलं.

“ह्या गिटारीची वायर कुठं गेलीय?”

“मशीनमध्ये.”

“अन् मशीनची?”

“भिंतीत.”

“मग झालं की. भिंतीचा सत्कार करा.” त्यांनी मोबाईल परत दिला. “लाईट गेल्यावर जो थांबत न्हाई, तो रॉकेनरोल. बाकी सगळं नुसतं म्युझिक.”

आता परभणी जिल्ह्यात ही परीक्षा घ्यायला फार थांबावं लागत नाही. मामांनी ती वर्षानुवर्षं घेतली. ॲम्प्लिफायरच्या लाकडी पेटीच्या झाकणाच्या आतून ते पांढऱ्या रंगाने पास झालेल्यांची नावं लिहितात. त्यांची ती मानाची यादी, मी ती त्यांच्याच तोंडून ऐकलेली. पोखर्णीच्या देवळापाशी एका बाजूचं कातडं फाटलं तरी दुसऱ्या बाजूवर संबळ वाजवत राहिलेला गोंधळी त्यात आहे. झरीच्या शाळेतल्या एक बाई आहेत. गॅदरिंगमध्ये टेप बंद पडला तेव्हा त्यांनी टाळ्यांवर सगळ्या पोरांचा नाच पुरा करून घेतला. मोंढ्यात धान्याचा लिलाव पुकारणारा एक जण आहे. मी म्हटलं, “मामा, तो कुठं गातो?” तर म्हणाले, “लिलाव गातोय ना! माइक बंद पडला त्या दिवशी ऐकायला पायजे होतं तुमी.”

वशिला मात्र चालत नाही. एका पुढाऱ्याने लाईट गेल्यावर अंधारात पाऊण तास भाषण ठोकलं. मी गमतीने म्हटलं, लिहा यांचं नाव. मामा गंभीर झाले. “त्यांला लाईट गेल्याचं कळलंच न्हाई, सर. कळूनसवरून चालू ठेवावं लागतंय.”

परभणीहून एकदा कॉलेजच्या पोरांचा बँड आला होता. मे महिना, आणि अंगात चामड्याची जाकिटं. घामाने पोरं निथळत होती. त्यातला म्होरक्या मामांना म्हणाला, “काका, आम्ही रॉक बँड आहोत.” मामा म्हणाले, “बघू की.” दुसरं गाणं ऐन रंगात आलं आणि मामांनी स्वतःच्या हाताने फ्यूज काढला. गिटारवाला आपल्या गिटारीकडे असा बघत राहिला, जणू ती आत्ताच मेली. ड्रमवाल्याने चार ठोके मारले आणि “काय झालं?” विचारून तोही थांबला. मागे कोरसला उभी असलेली एक बारकी पोरगी मात्र डोळे मिटून गातच राहिली. आवाज एवढासा, पण तिने गाणं शेवटपर्यंत नेलं. दुसऱ्या दिवशी तिचं नाव पेटीत लागलं. जाकिटवाला रुसला, तर मामा म्हणाले, “जाकिटाचं नाव लिहीत न्हाई आमी.”

मामा कुणाला शाल देत नाहीत. नाव लागलं की त्या माणसाला गाठून सांगतात आणि नुसत्या दुधाचा चहा पाजतात. “शालीनं माणूस झाकतोय, सर. आपल्याला दाखवायचाय.” मला लागायचं ते बोलणं, कारण मी आयुष्यभर माणसं झाकतच आलो होतो.

तर यंदा आमच्या कार्यकारिणीने ठरवलं की मुंजामामांचाच सत्कार करायचा. मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एका सत्काराची मला जांभई आली नाही. निरोप घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. मामा ओट्यावर वायरी गुंडाळत बसले होते. ऐकून घेतलं आणि सरळ नाही म्हणाले.

“कामून?” मीही त्यांच्याच भाषेत विचारलं.

“मी बटनवाला, सर. लाईट गेली की मी खतम. जो लाईटसंगं बंद पडतो त्याचा कसला सत्कार?”

मी वैतागलो. म्हटलं, “अहो, तुमच्याच नियमात तुम्ही अडकून बसलात. कुठं लिहिलाय तो नियम?” त्यांनी शेजारची पेटी उघडली. ही पेटी मी शंभर वेळा पाहिली असेल, झाकणाची आतली बाजू कधी पाहिली नव्हती. नावांची रांग होती. सगळ्यात वरचं नाव दरवर्षी रंग देऊन देऊन जाड झालेलं. लिंबाजी.

“हा लिंबाजी कोण, मामा?”

मामांनी वायरीचे दोन वेढे दिले. मग म्हणाले, “धाकटा भाऊ माझा.”

गावी चार एकरांत दोघांचं भागत नव्हतं. लिंबाजी दरसाल टोळीबरोबर ऊसतोडीला जायचा आणि मामांनी साउंडचा सेट घेतला होता. नवाकोरा. त्या सेटचं पहिलं मोठं काम म्हणजे गावच्या नवरात्रातला ऑर्केस्ट्रा. संध्याकाळी सगळं गाव जमलं. निवेदक चकचकीत कोट घालून पुढे आला, म्हणाला, “आता, रसिकहो, रॉक अँड रोल!” आणि त्याच क्षणाला लाईट गेली.

“लोकं बोंबलायला लागले,” मामा सांगत होते. “मी वायरी चाचपडायलो, अन् अंधारातून ठेका सुरू झाला. लिंबाजीनं तेलाचा रिकामा डबा उपडा घातलेला. काय वाजिवलं, सर! म्हातारी माणसं उठून नाचली. तवापास्नं मला वाटतंय, तो कोटवाला रॉकेनरोल म्हणून सांगून गेला ते हेच.”

“मग?”

“मग लाईट आली. ऑर्केस्ट्रा सुरू झाला तर लोकं म्हणायले, नको, डबाच वाजू द्या. माझा नवा सेट, माझ्या इज्जतीचा दिवस, अन् लोकांला डबा पायजे!” मामांचा हात थांबला. “मी गेलो अन् लाथ मारून डबा उडीवला. साऱ्या गावासमोर म्हणलो, तुझी लायकी डब्याचीच हाय. त्यानं नुसतं बघितलं माझ्याकडं. दसरा झाला की टोळीच्या ट्रकात बसून गेला. तो आलाच न्हाई. आधी ह्या कारखान्यावर हाय म्हणायचे, मग त्या. मी समदे कारखाने फिरलो, सर. मुकादमांच्या पाया पडलो. हाय का न्हाई, ते बी ठाऊक न्हाई आता.”

टोळ्यांचे ट्रक आमच्या मोठ्या रस्त्यानेच जातात आणि त्याच रस्त्याने परत येतात. मला एकदम भोंगा आठवला. मी तो भोंगा आत फिरवायला सांगत होतो, एकदा नाही, पन्नासदा. मला माझी लाज वाटली.

कशीबशी समजूत घालून त्यांना सत्काराला तयार केलं. त्यांची अट एकच, साउंड त्यांचाच आणि भोंगा रस्त्याकडेच.

कार्यक्रम दिवेलागणीला सुरू झाला. मी मनात म्हणत होतो, आज लाईट जाऊ दे. जन्मभर नको तेव्हा गेली, एक दिवस हवी तेव्हा जाऊ दे. जाईल तर शपथ! अध्यक्षांनी शाल घातली, नारळ दिला, फोटो झाले, दिवे लख्ख. मामांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते माइकपुढे उभे राहिले, दोन टिचक्या मारल्या. “लिंबाजी, ऐकू यायलंय का?” सभागृह नेहमीसारखं खळखळून हसलं. मामाही कसनुसं हसले आणि त्यापुढे त्यांना एक शब्द सुचेना. शाल अंगावर, नारळ हातात, तोंड उघडं. मला ते बघवेना. मेन स्विच व्यासपीठाच्या मागच्या भिंतीवर होता. मी मागे गेलो आणि खाली ओढला.

अंधार झाला. इन्व्हर्टर आमचा कधीचाच बिघडलेला. लोक नेहमीसारखे ‘हो’ करून ओरडले, मग शांत झाले. कुणीतरी म्हणालं, झाला मामांचा सत्कार. तेवढ्यात नारळ टेबलावर ठेवल्याचा आवाज आला आणि मामांनी हाक मारली. माइकशिवाय त्यांचा चढा आवाज आम्ही कुणी ऐकलाच नव्हता. एका शेतातून तिसऱ्या शेतात पोचेल असा आवाज.

“लिंबाजी! ऐकू यायलंय का रे? चुकलं माझं! डबा ठिवलाय तुझा, सांभाळून ठिवलाय! तूच खरा होतास, बाबा! ये घरी!”

पहिल्या हाकेला एक-दोघे हसले. दुसऱ्या वाक्याला कुणी हसलं नाही. मामा थांबले नाहीत. लिंबाजीने त्या दिवशी काय वाजवलं, कोण कोण नाचलं, आई जाताना कुणाचं नाव घेत होती, सगळं ते त्या अंधारात ओरडून सांगत राहिले. दाराजवळची माणसं आपोआप बाजूला सरली, म्हणजे आवाज रस्त्यावर जावा. माझा हात स्विचवर होता आणि मी मास्तर माणूस भिंतीकडे तोंड करून रडत होतो.

दुसऱ्या दिवशी मामा वायरी न्यायला आले. घडी केलेली शाल माझ्या टेबलावर ठेवली. “पुढच्याला कामी येईल,” म्हणाले. मग वायर गुंडाळता गुंडाळता, “स्विच तुमीच पाडला ना, सर?”

“हो.”

“माझ्याबी ध्यानात आलं. फ्यूज उडाला की टक् करून वाजतंय, काल वाजलं न्हाई. अन् रस्त्यापल्याडची लाईट तर चालूच होती.”

मी म्हटलं, “आता तरी तुमचं नाव पेटीत लिहा. लाईट गेल्यावर थांबला नाहीत तुम्ही.”

मामांनी मान हलवली. “नुसती हाक मारली, सर. ओ कुठं आलीय अजून?”

परवा वाचनालयात कुणाचा तरी सत्कार होता. नव्या अध्यक्षांना शिस्त फार. त्यांनी आल्या आल्या भोंगा आत फिरवायला लावला. मामा वायर जोडायला लागले. मी खुर्ची ओढली, दुखरा गुडघा सांभाळत वर चढलो आणि भोंगा परत रस्त्याकडे केला. अध्यक्ष म्हणाले, “अहो, तिकडं कोण ऐकणार?” मी म्हटलं, “आहे आमचं एक माणूस.”

टोळ्या परतायचे दिवस होते. बाहेरून माणसांनी आणि भांड्याकुंड्यांनी भरलेला एक ट्रक येत होता. मामांनी माइकवर दोन टिचक्या मारल्या.

“लिंबाजी, ऐकू यायलंय का?”

ट्रक गेला. आम्ही दोघांनी त्याचा आवाज पार संपेपर्यंत वाट बघितली आणि मग मी कार्यक्रम सुरू केला.