हंगामाच्या मध्यात सबनीस

मध्यंतरी आमच्या व्याह्यांनी माझा प्रेशर कुकर कुंपणापलीकडच्या केविनला देऊन टाकला. बदल्यात प्लास्टिकच्या दोन खुर्च्या घेतल्या आणि एक कुंडी. कुंडी कोणती, ते म्हणे नंतर ठरणार.

"विहीणबाई, शिटी वेळेवर होत नव्हती त्याची," सबनीस म्हणाले. "हंगामाच्या मध्यात असा गडी ठेवून चालत नाही. इथे भावनेला जागा नाही."

"आणि वरण कशात शिजवू?"

"संघ नव्याने बांधताना थोडं सोसावं लागतं."

मी कुंपणापाशी जाऊन कुकर परत आणला. केविन "नो वरीज" म्हणाला. खुर्च्या मात्र त्याने परत मागितल्या नाहीत, त्यावरून सौदा कुणी जिंकला ते सबनीस अजून सगळ्यांना सांगतात.

सबनीस म्हणजे माझ्या सुनेचे, गौरीचे, वडील. पत्नी गेल्यावर नाशिकचं घर बंद करून ते इथे कांगारूंच्या देशात, क्वेकर्स हिलला आमच्याकडे आले. पूर्वी बाप लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसे. हे माझ्या डायनिंग टेबलावर लॅपटॉप मांडून बसतात आणि चहात आलं कमी पडलं तर तसं कळवतात. माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती बेसबॉलची.

जन्मभर विमा कंपनीत नोकरी केलेला, अमेरिका नकाशातच पाहिलेला हा माणूस तिथल्या एका संघावर जीव टाकतो. संघाचं नाव सांगत नाही. त्या बिचाऱ्यांना आधीच पुष्कळ त्रास आहे. हंगाम अर्ध्यावर आला की तिकडचे संघ आपसात खेळाडूंची अदलाबदल करतात. तिला शेवटची तारीख असते. इथल्या ऐन थंडीत ती जवळ येते आणि सबनीसांना ताप चढतो. आमच्या मुलांच्या लग्नात मानपानावरून हे एक शब्दही बोलले नव्हते. ती सगळी भांडणं बहुधा राखून ठेवली असावीत.

"डावखुरा पिचर हवा," ते दात घासता घासता सांगतात; पिचर म्हणजे तिकडचा गोलंदाज. "तिसऱ्या बेसवर भगदाड आहे," हे कांदेपोहे खाताना. माझी नात ईरा एकदा म्हणाली, "आजोबा, दे कान्ट हिअर यू." तर म्हणाले, "तेच तर दुखणं आहे!"

हसते खरी, पण मीही यातून गेले आहे. कॉलेजात मी खो-खोच्या संघाची कप्तान होते. मुली निवडण्याचा माझा निकष एकच होता: तिने माझ्यापेक्षा जोरात पळता कामा नये. पहिल्याच फेरीत आमचा धुव्वा उडाला. तेव्हा मी मैदानाच्या उताराला जबाबदार धरून असं काही भाषण ठोकलं की दोघीतिघींनी टाळ्या वाजवल्या. किती अक्कल होती म्हणून सांगू! सबनीसांची मतं ऐकली की ती दोन वेण्यांची शहाणी मला समोर बसलेली दिसते.

तर, सबनीसांचा मुलगा नचिकेत त्या संघाच्या गावात नोकरीला आहे. त्याचा फोन रविवारी सकाळी येतो, तिकडे शनिवारची संध्याकाळ असते तेव्हा. साधा फोन, चेहरा दिसत नाही. तरी सबनीस इस्त्रीचा शर्ट घालतात. आणि फोन उचलून करतात काय? भांडतात.

यंदाचं भांडण कॅचरवरून. कॅचर म्हणजे पिचरसमोर उकिडवा बसून चेंडू झेलणारा गडी. त्यांचा कॅचर छत्तिशीचा, म्हणून "म्हातारा". ऐकून मला गुडघे चेपून घ्यावेसे वाटले. नचिकेतचं म्हणणं, त्याला ठेवा, तो नवशिक्या पिचरांना सांभाळतो. सबनीसांचं म्हणणं, विकून टाका, बदल्यात दोन पोरं आणा.

"तुला खेळ कळत नाही!" सबनीस ओरडायचे. तिकडून नचिकेतचाही आवाज चढायचा. तासभर हे चालायचं.

"एक दिवस तो फोन करणंच सोडेल," गौरी मला स्वयंपाकघरात म्हणायची. "आई, तुम्ही तरी बाबांना सांगा ना."

माझं कोण ऐकतं! पण गेल्या महिन्यात एका रविवारी चहा घेताना सबनीस लॅपटॉपवर त्याच कॅचरचा झेल पुन्हापुन्हा पाहत होते. डोळे ओले. "काय हात आहेत, विहीणबाई! याला विकणारा गाढव."

थोड्याच वेळात फोन वाजला आणि हे गरजले, "विकून टाका त्या थेरड्याला!"

मला राहवेना. मी फोन ओढून घेतला. "नचिकेत, मी काकू. तुझे बाबा धादांत खोटं बोलतायत. आत्ताच म्हणाले, विकणारा गाढव. ते तुझ्याच बाजूचे आहेत!"

"सीरियसली, बाबा?" मी फोन सबनीसांच्या हातात दिला; नचिकेतचा आवाज मलाही ऐकू येत होता.

सबनीस माझ्याकडे बघून म्हणाले, "हो."

"ओह. मग झालंच की. औषधं घेताय ना? जेवण वगैरे ठीक? ओके बाबा, टेक केअर."

फोन बंद झाला. चहा अजून गरम होता.

बापलेकांचं भांडण मिटवलं म्हणून मी शाबासकीची वाट बघत बसले. सबनीसांनी लॅपटॉप मिटला.

"हो म्हटलं की एवढंच होतं, विहीणबाई," ते म्हणाले. "ही गेल्यापासून आम्हा दोघांना बोलायला काही उरलंच नव्हतं. मी चुकलो, की मग तो समजावत बसतो. लहानपणी मी त्याला गणित समजावायचो, तसा. अगदी माझ्यासारखाच चिडतो."

मी कप विसळायला उठले. नळ बराच वेळ सोडून ठेवला.

पुढच्या रविवारपर्यंत शेवटची तारीख उलटून गेली. कॅचर राहिला, नवा पिचर आला, सगळं नचिकेतच्या मनासारखं झालं. भांडायला जागाच नाही. सबनीस शर्ट घालून बसले होते, पण लॅपटॉप उघडला नव्हता. फोन वाजला, तो मीच उचलला.

"नचिकेत, काकू बोलतेय. तो नवा पिचर कुणी आणला रे? तुझे बाबा म्हणतात छान झालं. मी म्हणते, साफ चुकलं!"

"चुकलं? काकू, तुम्ही मॅच बघता?"

"बघायला कशाला हवी? उभा कसा राहतो तो! आमच्या खो-खोत एक मिनिट टिकला नसता."

"काकू, एक मिनिट, त्याचा खो-खोशी काय संबंध? तुम्हाला पिचिंग म्हणजे काय माहीत आहे का? थांबा, पहिल्यापासून सांगतो. बाबा आहेत ना तिथे? बाबा, तुम्ही सांगा यांना!"

सबनीसांनी फोन माझ्या हातातून घेतला, स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. मग वाकून हीटर माझ्या पायांकडे वळवला.